आधी काय आणि मग काय?

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



‘शिक्षकाच्या जीवनातील अग्रक्रम’ हा विषय मला देण्यात आला, तेव्हा प्रथम मनात आले की, ज्याच्या आयुष्यात सर्व गोष्टी यथाक्रम घडल्या अशा एखाद्या गृहस्थास हा विषय द्यावयास हवा होता. माझी गोष्ट तशी नाही. प्राथमिक शाळेत काढलेल्या वर्षांपैकी बरीच वर्षे मी आधी करावयाचे ते मागून आणि मागून करावयाचे ते आधी, अशा उलट्या क्रमाने काढली. परंतु वाटेतील खड्डे ज्याने स्वतः पडून पाहिले, त्यालाही वाटेविषयी चार शब्द सांगता येतात, या भरवशावर मी आपणांपुढे उभा आहे.

या विषयावरील एक वचन आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. ‘आधी लगीन कोंढाण्याचे, मग माझ्या रायबाचे.’ १६७० सालच्या फेब्रुवारीत कोंढाणा सर करताना तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले. मोहिमेवर निघताना ते असे बोलले, असे परंपरा सांगते. आपण भाषणांतून हे वचन पुष्कळदा उच्चारतो आणि कर्तव्यापुढे घरदार गौण होय, असा त्याचा अर्थ लावून मोकळे होतो. त्या वाक्यात ‘आधी’ या शब्दाच्या जोडीला ‘मग’ हाही शब्द आहे, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. रायबाचे लग्न रद्द झाले, असे तानाजी म्हणत नाहीत. ते मागाहून व्हावयाचे आहे, असे म्हणतात. पुढे महाराजांनी स्वतः ते लग्न लावून दिले, असे लोककथा सांगते. जे मागे ठेवले ते ऋण समजून पुढे फेडले गेले. अग्रक्रम लावणे म्हणजे एक गोष्ट धरून बाकीच्या सोडून देणे, असे मला वाटत नाही. प्रत्येक गोष्टीस तिची पाळी ठरवून देणे आणि जिची पाळी मागून येणार तिला दिलेला शब्द पाळणे, याला मी अग्रक्रम म्हणतो. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

आता आपल्या दिवसाकडे पाहू. सकाळी घरातून निघतानाच भ्रमणध्वनीवर संदेश येऊन पडलेला असतो : अमुक माहिती आज दुपारपर्यंत पाठवावी. शाळेत पोचावे तो पोषण आहाराची नोंद, धान्याचा हिशेब, कोणा पालकाला हवा असलेला दाखला. ग्रामपंचायतीकडून निरोप येतो. संध्याकाळी पतसंस्थेच्या हप्त्याची आठवण होते, घरी आईचे औषध संपलेले असते. ही सारी मंडळी एकाच दारावर थाप मारीत असतात. अशा वेळी होते असे की, जो मोठ्याने ओरडतो त्याला आत घेतले जाते आणि जो मुकाट उभा असतो तो उभाच राहतो. आयुष्यातील मोलाच्या गोष्टींचा स्वभाव तर बहुधा मुकाट उभे राहण्याचाच असतो. मागच्या रांगेतील ज्या मुलाला वाचता येत नाही, तो कधी तक्रार करीत नाही. आपले शरीर पुष्कळ वर्षे काही बोलत नाही. आणून ठेवलेले पुस्तक फळीवरून हाक मारीत नाही.

अशाच एका मुकाट मुलाची हकीकत सांगतो. मी तरुण असताना आमच्या शाळेला स्पर्धेत बक्षीस मिळावे, अशी मला मोठी हौस होती. भिंती रंगविल्या, तक्ते केले, बाग लावली, दप्तर आरशासारखे ठेवले. पाहुणे येत, प्रशंसा करीत. त्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला जोडाक्षरे येत नव्हती. खरे म्हणजे साधे वाचनही अडखळतच चाले. दिवाळीनंतर याच्याकडे नीट पाहू, असे मी ठरविले. दिवाळीनंतर परीक्षेनंतर पाहू, असे ठरविले. चौथीनंतर तो शाळेत आला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी तालुक्याच्या गावी बँकेत गेलो असता मिशीवाला एक गृहस्थ पैसे काढण्याची चिठ्ठी हातात घेऊन जवळ आला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, एवढं भरून द्या की.’’ मी मान वर केली. त्याने वाकून नमस्कार केला. मी चिठ्ठी भरली. खाली त्याने अंगठा उमटविला, शाईचे बोट डोक्याच्या केसांना पुसले आणि हसून म्हणाला, ‘‘तुमच्याच शाळेत होतो मी.’’ त्याच्या मनात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. त्या वर्षी शाळेला बक्षीस मिळाले होते. ते कोणत्या कपाटात आहे, हे आज मला सांगता येणार नाही.

मी त्या वर्षी आळस केला नव्हता, हे येथे मुद्दाम सांगतो. उलट, इतके काम मी पुढे क्वचितच केले असेल. कामसू माणसाचीही वाट चुकू शकते. किंबहुना कामाच्या धांदलीत ती चुकल्याचे ध्यानातही येत नाही.

यानंतर मी काही हिशेब मांडले. आपण गणित शिकविणारी माणसे आहोत. तेव्हा आपणही ते मांडून पाहावेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास सांगितले आहेत. वर्षाचे एकूण तास ८,७६० होतात. म्हणजे मुलाच्या वर्षातील जेमतेम अकरावा हिस्सा आपल्या हाती येतो. दिवसास हे चार तास, म्हणजे २४० मिनिटे झाली. वर्गात तीस मुले असली, तर एकेकाच्या वाट्यास आठ मिनिटे येतात. आता समजा, आरंभीची उशीर झालेली पाच मिनिटे आणि मध्ये माहिती भरण्यात गेलेली दहा मिनिटे, अशी दिवसाची केवळ पाव घटका नव्हे, तर पुरता पाव तास गेला. २०० दिवसांचे ५० तास होतात. चार तासांच्या शाळेचे ते साडेबारा दिवस झाले. एवढे दिवस आपण शाळेला कुलूप लावले, तर सारा गाव विचारावयास येईल. पाव तासांनी लावलेले कुलूप कोणास दिसत नाही.

दुसरा हिशेब आपल्या स्वतःच्या आठवड्याचा. त्याच अनुसूचीत शिक्षकाने तयारीसह आठवड्यास किमान ४५ तास काम करावे, असे म्हटले आहे. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली, तर ती ५६ तास होते. काम आणि झोप वजा जाता ६७ तास उरतात. तालुक्याच्या गावाहून जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्यांचे काही तास रस्त्यावर जातात, हे मला ठाऊक आहे. ज्या भगिनी शाळा सुटल्यावर पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात, त्यांच्या ६७ तासांचा हिशेब तर अगदीच निराळा आहे आणि त्याचा विचार त्यांच्या घरातील पुरुषांनी करावयास हवा. तरीही आपणांपैकी प्रत्येकाने एक आठवडाभर साध्या वहीत, प्रत्येक तास कोठे गेला याची नोंद ठेवून पाहावी. आपण ज्याला अग्रक्रम देतो असे तोंडाने म्हणतो आणि प्रत्यक्षात ज्याला वेळ देतो, त्या दोहोंत किती अंतर आहे, हे त्या वहीवरून कळते. माझ्या वहीने मला पहिल्याच आठवड्यात लाज आणली.

अशी नोंद झाल्यावर क्रम कसा लावावा? मी स्वतःला तीन प्रश्न विचारीत आलो.

पहिला प्रश्न : कोणती गोष्ट थांबू शकत नाही? तातडीची आणि न थांबणारी या दोन गोष्टी एक नव्हेत. बरेचसे तातडीचे कागद दोन दिवस थांबले तरी जगाचे काही अडत नाही. सात वर्षांच्या मुलाचे सातवे वर्ष मात्र थांबत नाही. याचे मला ठाऊक असलेले उत्तम उदाहरण ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येत ना. कोणी गुरे राखावयास जाई, कोणी धाकट्या भावंडास सांभाळी. मुले येत नाहीत, असा शेरा मारून हजेरीपत्रक मिटता आले असते. या दोघींनी मुलांची गरज आधी आणि शाळेची रीत मागून, असा क्रम लावला. गुरे चरत तेथे शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणू लागले. लहान मुलांसाठी वस्तीच्या अंगणात अंगणवाडी भरविली. धाकट्या भावंडाचे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. पाळण्यातील मूल जवळच आहे असे पाहून थोरल्या बहिणीला पाटी हाती घेता आली. वर्षभर थांबावयास तयार नसलेल्या बालपणाला ज्यांनी आधी जागा दिली, त्यांना शाळेची भिंतदेखील बाजूस सारता आली.

दुसरा प्रश्न : माझ्यावाचून कोणती गोष्ट होणार नाही? शाळेतील पुष्कळ कामे अशी असतात की ती वाटून घेता येतात. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, सहकारी, गावातील शिकलेला तरुण, प्रसंगी सातवीतील मुलेही त्यांत हात लावू शकतात. परंतु ज्या घरात पूर्वी कोणी अक्षर गिरविले नाही, त्या घरातील मुलाला वाचावयास शिकविणे, हे काम गावात दुसरे कोणी करणार नाही. तेथे शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर ती रिकामीच राहते. घरातही असेच आहे. भाजी दुसरा कोणी आणू शकेल. आपल्या मुलापाशी बसून त्याचे बोलणे ऐकणारा बाप त्याला दुसरा मिळणार नाही. आपल्याऐवजी कोणी चालू शकत नाही, झोपू शकत नाही, रक्तदाबाची गोळी घेऊ शकत नाही. शरीराची ही कामे म्हणूनच वरच्या ओळीत लिहावी लागतात.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे : मी हे करतो ते कोणाच्या वाट्यातून? महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घेऊ. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. पुण्याहून हिंगणे सुमारे चार मैल. कॉलेजचे काम करावे आणि पायी आश्रमात जावे, असा त्यांचा क्रम पुष्कळ दिवस चालला. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी वर्गणी मागत ते दारोदार फिरले. १९५८ साली त्यांस भारतरत्न मिळाले. अग्रक्रम म्हणजे काय, हे अशा आयुष्यावरून शिकावे. वर्गही बुडू द्यावयाचा नाही आणि आश्रमही, हे साधावयाचे तर बाकीच्या किती गोष्टी सोडाव्या लागल्या असतील!

परंतु या चरित्राच्या शेजारी आणखी एक पुस्तक ठेवून वाचावे, अशी माझी विनंती आहे. ते म्हणजे त्यांच्या पत्नी आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’. पैसा आणि वेळ संस्थेकडे गेल्यावर उरल्यासुरल्यात प्रपंच चालविण्याचा भार कोणावर पडला, हे त्यावरून कळते. बायांनी तो भार वाहिला आणि संस्थेसाठी स्वतः वर्गणीही गोळा केली. अण्णांच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येत नाही. पण एकाने लावलेल्या क्रमाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याने दिलेली असते, हे समजते. आपण महर्षी नसू. तरी शाळेचे, संघटनेचे, गावच्या उत्सवाचे काम अंगावर घेताना त्याची किंमत कोण देणार हे विचारावे आणि जिने अथवा ज्याने ती द्यावयाची, त्या माणसाला आधी विचारावे. ‘‘पंधरा दिवस मला उशीर होईल, त्यानंतरचा रविवार तुमचा,’’ असे घरी सांगणे आणि तो रविवार खरोखर घरी देणे, यात ‘आधी’ आणि ‘मग’ दोन्ही शब्द पाळले जातात. माझ्या घरी मी पहिला शब्द पुष्कळ वर्षे पाळला आणि दुसरा विसरत गेलो. सेवानिवृत्तीनंतर मी मोकळा झालो तेव्हा मुलगी सासरी गेली होती. आता ती फोनवर माझ्याशी प्रेमाने बोलते. तिच्या लहानपणी मी तिच्याशी काय बोलत असे, हे आठवू गेलो तर फारसे आठवत नाही.

द्रव्याच्या बाबतीतही हाच नियम लागू करावा. पगारपत्रकातील कपातीच्या रकान्याकडे पाहिले की माणसाचे अग्रक्रम स्पष्ट वाचता येतात. थाटाच्या लग्नाचे कर्ज, मोटारीचे कर्ज, कोणाला तरी जामीन राहिल्याचा हप्ता, ही मंडळी पहिल्या तारखेला रांगेत पुढे उभी असतात आणि मुलांचे शिक्षण, आजारपणाची तरतूद, पुस्तके ही मागे ढकलली जातात. खर्च करून जे उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याची शिल्लक पडत नाही. जे महत्त्वाचे, त्याचा वाटा लहान असला तरी तो आधी काढून ठेवावा.

वाचनाचेही तसेच. वेळ मिळाल्यावर वाचू, असे म्हणणाऱ्यास वेळ मिळत नाही. अनुताई वाघ दिवसा शाळेत शिकवून रात्रशाळेत शिकल्या आणि पन्नाशी उलटल्यावर पदवीधर झाल्या. रोज निजण्यापूर्वी दहा पाने वाचली, तर वर्षास साडेतीन हजारांवर पाने होतात. दोनशे पानांची अठरा पुस्तके झाली. जो शिक्षक स्वतः काही शिकत असतो, त्याला न समजणे म्हणजे काय हे ताजेपणाने ठाऊक असते आणि मागच्या रांगेतील मुलावर तो लवकर रागावत नाही.

आता आपणांपैकी कोणी मनात म्हणत असेल की, हे सारे ठीक, पण वरून येणाऱ्या कामाला नाही कसे म्हणावे? सर्वच कामांना नाही म्हणता येत नाही, हे मी जाणतो. दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका ही कामे कायद्यानेच अपवाद म्हणून आपणांकडे दिली आहेत, आणि ती देशाची कामे आहेत. अन्य अशैक्षणिक कामांस शिक्षक नेमू नये, असे तोच कायदा सांगतो. ते नम्रपणे आणि लेखी निदर्शनास आणून देण्यात गैर काही नाही. परंतु आपला अनुभव असा की, जेवढा वेळ हुकमाने जातो, तेवढाच आपल्या संकोचाने आणि सवयीने जातो. वर्ग चालू असता भ्रमणध्वनी टेबलाच्या खणात ठेवावा, असा हुकूम कोणी मोडावयास लावत नाही. माहितीचे कागद शाळा सुटल्यावर एका ठरावीक अर्ध्या तासात भरावेत, रोजचा पहिला तास वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी राखावा, हे कोणाच्या परवानगीवाचून होण्यासारखे आहे. पहिला तास यासाठी की, त्या वेळी आपले मन आणि मुलाचे मन दोन्ही ताजी असतात. ज्याला अग्रक्रम द्यावयाचा त्याला दिवसाचा उत्तम तास द्यावा. थकलेला तास देऊन अग्रक्रम दिला असे म्हणू नये.

समतोल या शब्दाविषयी एक खुलासा करून थांबतो. तराजूची दोन्ही पारडी सदैव सारखी ठेवणे, असा समतोल कोणासच साधत नाही. जूनमध्ये शाळेचे पारडे जड होईल, घरी आजारपण आले की घराचे होईल, आणि ते तसे झालेच पाहिजे. शेतकरी पेरणीच्या दिवसांत अंगणाकडे पाहत नाही. पण सुगीनंतर तो अंगण सारवून घेतो. वर्षाच्या अखेरीस मागे वळून पाहता, कोणतेही एक पारडे वर्षभर वरच राहिले नाही, एवढे जरी दिसले तरी पुरे.

आज घरी गेल्यावर आपण एक कागद घ्यावा. त्यावर आपल्या वर्गातील, वाचनात सर्वांत मागे असलेल्या मुलाचे नाव लिहावे आणि उद्याचा पहिला तास त्याच्यासाठी राखावा. खाली घरातील ज्या माणसाला आपण फार दिवस ‘मग’ म्हणत आलो, त्याचे नाव लिहावे आणि त्यापुढे वार घालावा. ‘मग’ला वार घातला की तो शब्द खरा होऊ लागतो. दिवाळीनंतर पाहू, असे म्हणून मी जो मुलगा हातचा घालविला, त्याच्या बाबतीत आता माझ्या हाती काही नाही. आपल्या वर्गातील मुले मात्र उद्या सकाळी शाळेत येणार आहेत.